डोक्यातली जागा

"गेल्या महिना-दोन महिन्यांत यांचं डोकं कुठे आपटलं होतं का?" कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं आणि आई, दादा आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आपटलं असेलही. अशा गोष्टी लक्षात कोण ठेवतं? अण्णा स्ट्रेचरवर पाय सोडून बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "अहो डॉक्टर," ते म्हणाले, "लालबागच्या चाळीत जन्म गेलाय माझा. डोकं आपटलं नाही असा महिना विचारा, तो आठवून सांगतो." डॉक्टर हसला नाही. त्याने खिशातून टॉर्च काढला, अण्णांची एक पापणी बोटाने वर केली, उजेड मारला, मग दुसरी. वॉर्डबॉय मामांना हाक मारली आणि स्ट्रेचर सीटी स्कॅनकडे न्यायला सांगितलं. तो पुढच्या पेशंटकडे वळला. प्रश्न आमच्याकडेच राहिला.

अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा बाय बाराची खोली, तिला पोटमाळा, आणि पोटमाळ्याची तुळई अशा बेताच्या उंचीवर की घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाची तिच्याशी ओळख. पाहुणा आला की "या, बसा"च्या आधी "डोकं सांभाळा" म्हणायचं, हीच आमच्याकडची आगतस्वागताची रीत. टेंगूळ आलं की आजी पाण्याने भरलेला थंडगार तांब्या त्यावर दाबून धरायची आणि "मुका मार आहे, जिरेल" म्हणायची. जिरायचाच. पुढे चाळ पडली, टॉवर झाला, छताला हात पुरेनासा झाला, तरी अण्णा स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना अजून मान किंचित खाली घालतात. तिथे आता तुळई नाही, काहीच नाही.

आणि हा माणूस बेस्टचा कंडक्टर. भरलेल्या बसमध्ये, ब्रेक लागत असताना, दांडा न धरता तिकिटं फाडण्यात ज्याची हयात गेली, तो चालताना भिंतीला हात लावायला लागला. त्याआधी चप्पल. डाव्या पायातली चप्पल चालता चालता सुटून मागे राहायची आणि अण्णा तसेच चार पावलं पुढे जायचे. त्यांना पत्ताच नसायचा. आईने दोष दिला चपलेला. अंगठा सैल झालाय म्हणून खालच्या चांभाराकडून टाके घालून आणले. चप्पल तरीही सुटायचीच. बोलणं मात्र खणखणीत. शेजाऱ्यांशी वाद, क्रिकेटवर टीका, सगळं जागच्या जागी. एवढं नीट बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही बिघडलं असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

स्कॅनमध्ये रक्त दिसलं ते उजव्या बाजूला. कवटीच्या आतून चंद्रकोरीच्या आकारात पसरलेलं, आणि त्याच्या दाबाने मेंदूची मधली रेघ डावीकडे सरकलेली. रक्त उजवीकडे, चप्पल डावीकडची. मेंदूचा देठ जिथे संपतो आणि मज्जारज्जू सुरू होतो, त्याच्या जरा वर हालचालीचे बहुतेक तंतू एकमेकांना छेद देऊन बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या पायाचा मुकादम उजव्या अर्ध्यात बसलेला. भाषेचा कारभार बहुतेकांच्या डाव्या अर्ध्यात असतो, तिथे काही धक्का नव्हता, म्हणून क्रिकेटवरची टीका चालू. हे डावं-उजवं पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी लावून धरलं. १८६१ साली त्यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला समोरच्याचं समजायचं सगळं, पण तोंडातून 'टॅन' एवढंच यायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. अण्णांचं रक्त डावीकडे साचलं असतं तर आम्ही कदाचित आठवडाभर आधी दवाखाना गाठला असता. मुंबईत माणूस लंगडला तर लोक विचारत नाहीत, गप्प झाला तर विचारतात.

हे सगळं मला समजावलं ते भाचीने. दादाची मुलगी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. अण्णा वॉर्डात होते त्या रविवारी ती हॉस्टेलवरून आली ती खांद्यावरच्या बॅगेत कवटी घेऊन. लोकलच्या लेडीज डब्यात, मांडीवर ठेवून. हाडांचा सेट सीनियरकडून विकत घ्यायचा, वर्ष संपलं की ज्युनियरला विकायचा, अशी तिथली परंपरा. आता प्लास्टिकचेही सेट मिळतात, पण हा जुना, खरा होता. पूर्वी आपल्या देशातून अशी हाडं जगभरच्या कॉलेजांत जायची. १९८५ साली सरकारने निर्यात बंद केली. आईने आधी फर्मान काढलं की ते देवघराच्या खोलीत आणायचं नाही, डायनिंग टेबलावर तर नाहीच नाही. मग बाल्कनीत, कालच्या पेपरवर कवटी ठेवली. वरची टोपी करवतीने कापून वेगळी केलेली, बाजूला ती अडकवायला छोटे हूक. आई दारात उभी राहून लांबूनच बघत होती. थोड्या वेळाने जवळ आली, वाकली आणि म्हणाली, "हा माणूस एकाच बाजूने जेवत असणार." खरंच, डावीकडच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या आणि उजवीकडच्या टोकदार. त्यानंतर तिने स्वतःच पेपरखाली एक स्वच्छ फडकं घातलं.

बावीस हाडं. आठ मेंदूभोवतीची, चौदा चेहऱ्याची, आणि त्या बावीसांत हलतो तो फक्त खालचा जबडा. बाकीची एकमेकांत अडकलेली, त्यांच्या सांध्यांच्या नागमोडी रेघा डोक्यावरून आडव्या-उभ्या गेलेल्या. बोट फिरवलं तर नखाला लागतात. कवटी सरासरी सहा-सात मिलिमीटर जाड, पण सगळीकडे सारखी नाही. भाचीने टोपी उचलून उजेडाकडे धरली. मधला भाग काळा, घट्ट. मग तिने माझं बोट कवटीच्या कानशिलावर नेलं. तिथे चार हाडं एकत्र येतात, आणि हाड इतकं पातळ की आतून मोबाइलचा टॉर्च लावल्यावर तांबूस उजेड बाहेर आला. त्याच्या आतल्या अंगाला बारीक चर, फांद्या फुटत गेलेले. तिथून धमनी जाते. नेमक्या सगळ्यात कच्च्या भिंतीला लागून ही जलवाहिनी का टाकली असेल, कोण जाणे. आपल्याकडे कानशिलात भडकवायची केवढी हौस!

दाराच्या दांड्याला लटकून जाणाऱ्या पोरांना 'पोल लागतो' तो बरेचदा इथेच. मध्य रेल्वेवर आयुष्य काढलेल्या माणसाला "डोकं आत घे रे" हे शब्द सवयीचे असतात. यातला दगाफटका असा, की हाड तडकून ती धमनी फाटली तरी पोरगा लगेच पडेलच असं नाही. क्षणभर शुद्ध जाते, मग उठतो, "काही नाही, बरा आहे" म्हणतो, कुणीतरी दिलेला चहा पितो. तास-दोन तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलटी होते, झोप यायला लागते. डोक्याला लागलेल्याला, तो चालता-बोलता असूनही, डॉक्टर रात्रभर ठेवून घेतात आणि तासातासाला उठवून नाव विचारतात, ते याचसाठी. नातेवाइकांना वाटतं, बिल वाढवतायत.

नाकाच्या वरचं हाडही तिने दाखवलं. सुईने टोचून काढल्यासारखी छिद्रंच छिद्रं. वासाचे तंतू त्यातून वर जातात, आणि डोकं जोरात आपटलं की मेंदू हलतो, ते तुटतात. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा बाइकवरून पडला होता, खड्ड्यात. हेल्मेट हँडलला. चेहऱ्याला ओरखडासुद्धा नाही, पण त्या दिवसापासून त्याला वास येत नाही. त्याच्या आईने सुके बोंबील तव्यावर टाकले की सगळा मजला दारं लावून घेतो आणि हा शेजारी बसून अभ्यास करतो. मग जेवताना चव लागत नाही म्हणून चिडतो.

मुख्य गोष्ट जागेची आहे. मुंबईकराला हे समजायला वेळ लागू नये.

मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटरची जागा. तिच्यात तीन भाडेकरू. मेंदू ऐंशी टक्के जागा अडवून बसलेला, उरलेल्यात रक्त आणि पाणी. भिंती कायमच्या, छप्पर पक्कं, वाढीव बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे आमच्या लालबागच्या खोलीचाच हिशोब. गावाहून काका सहकुटुंब आले की मी आणि दादा गॅलरीत, अण्णा खाली ओट्यावर; आत एक वाढला की एकाने बाहेर व्हायचं. स्कॉटलंडचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली मांडलेला सिद्धान्त याहून फारसा वेगळा नाही. डोक्यात रक्त साचायला लागलं की आधी पाणी खाली, पाठीच्या कण्याकडे सरकतं. मग शिरांमधलं रक्त बाहेर पडतं. तोवर माणूस ठीक दिसतो. एकदा ही सोय संपली की हलायची पाळी खुद्द मोठ्या भाडेकरूवर येते आणि त्या खोलीला मोठं दार एकच, तळाशी, जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो. त्याच दाराच्या तोंडाशी श्वासाचं केंद्र आहे. मेंदू खाली सरकताना वाटेत बाहुली आवळणाऱ्या नसेवर दाब येतो आणि त्या बाजूची बाहुली उजेड मारला तरी मोठीच राहते. तो पोरसवदा डॉक्टर टॉर्च घेऊन अण्णांच्या डोळ्यांत बघत होता तेव्हा दाराशी गर्दी झाली आहे का, एवढंच तपासत होता. अण्णांच्या दोन्ही बाहुल्या झटक्यात बारीक झाल्या. नव्हती झाली गर्दी.

का नव्हती, हे कळलं तेव्हा मला हसावं की रडावं समजेना. मेंदू वयाबरोबर आकसतो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या डोक्यात मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये मोकळी जागा झालेली असते. ती जागा ओलांडून मेंदूवरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या छोट्या शिरा ताणल्या जातात, आणि मग दाराची चौकट, कपाटाची कड, कसलाही किरकोळ धक्का त्यातली एखादी तोडायला पुरतो. रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. विशीतल्या पोराच्या डोक्यात एवढं रक्त एकदम उतरलं तर रात्र निघणार नाही. अण्णांच्या डोक्यात ते आठवडेच्या आठवडे मुक्कामाला होतं, कारण तिथे जागा होती. आम्ही तिघं भावंडं आणि दोन आत्या ज्या खोलीत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलो, त्या खोलीत शेवटी शेवटी आई-अण्णा दोघंच असायचे आणि अण्णा म्हणायचे, "आता कशी ऐसपैस झाली." म्हातारपणी मिळालेली ऐसपैस जागा. तिनेच दुखणं लपवलं आणि तिनेच त्यांना वाचवलंही.

ज्या भाचीने हे सांगितलं तिची टाळू मी भरलेली आहे. तेव्हा मी कॉलेजात होते. अंघोळ घालायला येणाऱ्या बाई कोमट खोबरेल तेल तिच्या डोक्याच्या मध्यावर सोडायच्या आणि मला म्हणायच्या, "हात लाव, घाबरू नको." तिथे हाड नव्हतं. शंकरपाळ्याच्या आकाराच्या त्या मऊ जागेत कातडीखाली काहीतरी वरखाली होत होतं, ठोक्यागणिक. मी हात काढून घेतला. पुढची टाळू दीड-दोन वर्षांत भरते, मागची छोटी दोन-तीन महिन्यांतच. तेल घातल्याने हाड लवकर भरतं याला शास्त्राचा आधार नाही, हे भाची आजीला ठासून सांगते; आजी "बरं" म्हणते आणि चुलतभावाच्या बाळासाठी तेल गरम करायला घेते. जन्माच्या वेळी ही हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं. छप्पर पक्कं न करता पाठवलेलं असतं माणसाला, हे मला फार आवडलं.

आतला तो मोठा भाडेकरू प्रत्यक्षात भलताच नाजूक. भाचीने डिसेक्शन हॉलमध्ये हातात घेतला तो फॉर्मलिनमध्ये घट्ट झालेला. डोळे चुरचुरत होते, पण मेंदू हातात नीट राहत होता. ताजा मेंदू टेबलावर ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो म्हणे. वजन साधारण चौदाशे ग्रॅम, शरीराच्या दोन टक्के, आणि प्राणवायू खातो वीस टक्के. तरी आपल्याला डोकं जड लागत नाही, कारण तो पाण्यात तरंगतो आणि तिथे त्याचं वजन भरतं जेमतेम पन्नास ग्रॅम. हे पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास, पण दिवसाला अर्धा लिटर नवीन तयार होतं आणि तेवढंच जुनं रक्तात जातं. म्युनिसिपालिटीच्या पाण्यापेक्षा नियमित. मेंदूला दुखतही नाही. आपलं डोकं दुखतं ते आवरणं, रक्तवाहिन्या, स्नायू यांमुळे. म्हणून जागं ठेवून, गप्पा मारत मेंदूचं ऑपरेशन करता येतं.

खाली उतरणारा मज्जारज्जू त्या मानाने किरकोळ वाटतो. करंगळीएवढा जाड, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्यातून नसांच्या एकतीस जोड्या बाहेर पडतात. पण लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कुणालाही त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही, दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ते कळतं. आमच्या चाळीतला एक दादा चौथ्या थरावर असायचा. थर कोसळला तेव्हा तो मानेवर आला. मानेचे तिसरा, चौथा, पाचवा हे मणके ज्या नसा सोडतात त्या छातीखालच्या पडद्याला श्वास घ्यायला लावतात. त्याच्या वर रज्जू तुटला तर श्वास यंत्राने द्यावा लागतो. त्याची इजा खालच्या बाजूला होती. श्वास वाचला, खांदे वाचले, कोपरं वाकत होती, बोटं गेली. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत तो मनगटाला पट्टा बांधून त्यात चमचा अडकवायला शिकला. तुटलेला हात जुळतो, हा रज्जू नाही जुळत. त्यातले तंतू पुन्हा वाढत नाहीत. आता गोविंदांना हेल्मेट असतात, वरच्याला दोर असतो, चौदा वर्षांखालच्या पोरांना चढवायला बंदी आहे. तो दरवर्षी गॅलरीत व्हीलचेअर लावून थर मोजतो. थर ढासळायला लागला की खालच्यांच्या आधी त्याला कळतं, आणि तो कचकचीत शिवी देतो.

कण्याच्या बाबतीत बायकांची एक तक्रार ठरलेली असते: "सिझेरियनला ती पाठीत सुई दिली ना, तेव्हापासून कंबर धरते." मीही बरीच वर्षं हेच सांगत फिरले, अजूनही पावसाळ्यात तोंडातून निघतं. पण कवटीनंतर भाचीने कमरेचे मणके फडक्यावर मांडले आणि सुई कुठून जाते ते पेन्सिलने दाखवलं. रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीतून. तिथे पाण्यात मोकळ्या सोडलेल्या नसा असतात, सुई आली की बाजूला होतात. सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तर काही दिवस उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तेवढा त्रास खरा. वर्षानुवर्षांच्या कंबरेचं खापर मात्र तिच्यावर फुटत नाही. ते बहुधा बाळाला एका कडेवर घेऊन चर्चगेटपर्यंत उभ्याने केलेल्या प्रवासाचं असावं.

अण्णांच्या कवटीला दोन भोकं पाडली, प्रत्येक साधारण रुपयाएवढं. आतून काळपट, पातळ झालेलं जुनं रक्त आपणहून बाहेर आलं. नळी एक-दोन दिवस ठेवली आणि काढली. संध्याकाळी राउंडवर डॉक्टरने दोन्ही हात समोर धरायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितलं. आधी डावा हात हळूहळू खाली यायचा, आता दोन्ही एका रेषेत होते. अण्णांनी डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "तिकीट देऊ का?"

डोकं कुठे आपटलं याचा निकाल काही लागला नाही. आई म्हणते गणपतीचं मखर काढताना. दादाला वाटतं, बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवरून उठताना. अण्णांचा आरोप थेट किचनच्या नव्या ट्रॉल्यांवर, ज्या बसवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. तीन पक्ष, पुरावा कुणाकडेच नाही, आणि विषय निघाला की चहा थंड होईपर्यंत चालतो. मीही मध्येच एखादी नवी शक्यता टाकून देते.

केस वाढले तशी अण्णांची पावलं सलूनकडे वळली. भाचीने आधीच ताकीद दिली होती: चंपी नको, आणि शेवटी ते मान कटकन मोडतात ते तर अजिबात नको. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असतात, त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या वर चढतात. झटका बसला की त्या आतून फाटू शकतात. न्हाव्याची बोटं केसांतून फिरता फिरता उजव्या बाजूच्या खड्ड्याशी थबकली. अशी भोकं हाडाने पुरती भरून येत नाहीत, वर कातडी येते, पण खळगा राहतो. "काका, इथे काय झालं?" अण्णांनी सगळं सांगितलं, मन्रोसाहेबांसकट. न्हाव्याने बोटं काढून घेतली आणि नुसती कात्री चालवून काम संपवलं. पैसे देताना अण्णांनी हुज्जत घातली. चंपी नाही, मान मोडली नाही, आणि डोक्यावर दोन ठिकाणी तर माल कमी. मग पूर्ण रेट कसला? न्हाव्याने वीस रुपये कमी केले. अण्णांना तीस कमी करून हवे होते.